सातचा भोंगा

६ ऑक्टोबर १९९७, सोमवार

आज उठायला साडेसात वाजले. सोमवारी गिरणीला सुट्टी, म्हणजे भोंगा नाही, आणि भोंगा नसला की पुलगावात माझ्यासारखे आळशी लोक उठत नाहीत. एरवी पहिला भोंगा साडेसहाला, दुसरा सातला. घड्याळं घरोघरी आहेत, पण त्यांच्यावर विश्वास कोणाचाच नाही.

ही वही वर्ध्याच्या प्रभाकरराव सरांच्या सांगण्यावरून सुरू केली. "वाचलेलं आणि वाटलेलं रोज लिहा, नुसत्या गाईडवर एम.ए. होत नसतं," ते म्हणाले. मी बाहेरून परीक्षा देतेय. दुसऱ्या वर्षाचे पेपर एप्रिलमध्ये आहेत. त्यातला एक जुन्या इंग्रजी विनोदी नाटकांचा, आणि तोच मला खरा आवडतो. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरी काय बोलतात. बापाला, काकाला, होणाऱ्या नवऱ्याला गुंडाळून खिशात ठेवतात.

दुपारी आई मेथी निवडत होती, तिला त्यातली एक गोष्ट सांगितली. सातवीनंतर आईचं लग्न झालं, त्यामुळे इंग्रजीतलं तिला काय कळणार, पण गोष्ट ऐकायला तिला आवडतं. एक अनाथ मुलगी असते. काका तिला म्हाताऱ्या जमीनदाराच्या गळ्यात बांधायला निघालेला असतो. घरातली मोलकरीण मृत्युपत्रावरची फक्त एक तारीख फिरवते, काकाचा हक्क संपतो, आणि मुलगी तिला हवा असतो त्याच्याशी लग्न करते.

"अन् काकाले पत्ताच नाई लागला?" आईने विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत तो स्वतःलाच हुशार समजतो."

"कागद फाडला असता तं लागला असता," आई म्हणाली. मग म्हणाली, "जाड देठं बाजूले ठेव."

११ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटायच्या निमित्ताने आर्वीचे रूपराव आले, मुलगा स्वप्निलला घेऊन. म्हणजे मला पाहायलाच आले. त्यांचं सायकलींचं मोठं दुकान आहे. स्वप्निलने पूर्ण वेळ पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

रूपरावांना मी पसंत पडले. चहा पिताना म्हणाले, "पोरगी शिकली हाये, चांगलं हाये. पण आता झालं तेवढं बस. डिसेंबरात उरकून टाकू. आमच्या घरच्या बाया पेपर-बिपर द्याले जात नाईत."

बाबा हसून "बरोबर हाये" म्हणाले. आई पाण्याचे पेले घेऊन दारातच उभी होती. ती आत आली तेव्हा अर्धं पाणी ताटात सांडलेलं होतं.

जाताना त्यांनी माझं जन्माचं टिपण, म्हणजे कुंडली, मागितलं. ते कधी केलंच नव्हतं. "पोरीचं टिपण कशाले" असं तेव्हा आजी म्हणाली होती म्हणे. आता बाबा जोशीमहाराजांकडून करून घेणार आहेत.

संध्याकाळी मी बाबांना एवढंच म्हटलं की परीक्षा एप्रिलमध्ये आहे. ते म्हणाले, "तिकडं गेल्यावर पाहू." नाटकातल्या मुलीने इथे असं काही उत्तर दिलं असतं की बाबा खुर्चीतच बसून राहिले असते. मी "बरं" म्हटलं. मला स्वतःचा फार राग आला आहे. दोन वर्षं मी या परीक्षेसाठी जगले आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर बरं.

१३ ऑक्टोबर

आई आज दोन तास मीराबाईंकडे जाऊन बसली होती. मीराबाई म्हणजे जोशीमहाराजांच्या बायको. पंचांग त्यांना नवऱ्याएवढंच कळतं, फक्त त्या दक्षिणा घेत नाहीत. मी इथे जिवाला घोर लावून बसले आहे आणि आईला गप्पा सुचतात.

आल्यावर तिने विचारलं, "परीक्षा कधी हाये म्हन्ली तू?"

"एप्रिल. किती वेळा सांगू?"

ती बोटांवर काहीतरी मोजत आत गेली.

१५ ऑक्टोबर

जेवताना बाबांनी आईला माझी जन्मवेळ विचारली. मी झाले तेव्हा बाबा अमरावतीला दुकानाचं कापड आणायला गेले होते. गिरणीमागच्या जुन्या घरात आई होती आणि धुरपता नावाची सुईण. म्हणजे माझी वेळ आईशिवाय सांगणार कोण?

आई तव्यावरच्या पोळीकडे बघत राहिली. पोळी करपली. मग म्हणाली, "सातचा भोंगा झाला अन् रक्षा रडली."

"पक्कं?"

"बाई हे इसरत नाई."

बाबांनी पावतीच्या मागे लिहून घेतलं.

२० ऑक्टोबर

मला मंगळ आहे. कडक.

जोशीमहाराज सांगत होते, सातला कन्या लग्न लागून गेलेलं आणि मंगळ नेमका पहिल्या घरात येऊन बसलेला. अर्धा तास आधी झाली असती तर सिंह लग्न होतं, मंगळाचा त्रास नव्हता. अर्धा तास. बाबांचा चेहरा उतरला. आर्वीला टिपण गेलं आणि तिसऱ्या दिवशी रूपरावांचा निरोप आला, आमच्याच्यानं होत नाही म्हणून.

आर्वी टळली याचा आनंद झाला हे खरं लिहिते. पण शेजारच्या काकू आज माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती नजर मी विसरणार नाही. मी हे सगळं मानत नाही असं म्हणते. मग त्यानंतर दिवसभर दाराबाहेर पाऊल का टाकलं नाही?

आईने शिरा केला. नकार आलेल्या दिवशी शिरा कोण करतं? आईला प्रसंगच कळत नाही.

८ डिसेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. आणखी दोन स्थळं मंगळावरून परत गेली. बाबा थकले. म्हणाले, "आता उन्हाळ्यात मंगळाचाच पोरगा शोधू." तोपर्यंत मला आठवड्यातून दोनदा पॅसेंजरने वर्ध्याला सरांकडे जायची परवानगी मिळाली आहे. वर्ध्याहून आले की आई विचारते, आज कोणती गोष्ट झाली. आज मुलाचे कपडे घालून हिंडणाऱ्या मुलीची सांगितली. आई म्हणाली, "कपडे बदलले का लोकं आयकतात वाट्टे."

अभ्यास करताना एक गोष्ट लक्षात आली. या नाटकांमधल्या नायिकांना आई नसते. बाप असतो, काका असतो, खाष्ट आत्या असते. आई सहसा मेलेली, किंवा तिचा उल्लेखच नाही. सरांना विचारलं. ते म्हणाले, चांगला मुद्दा आहे, स्वतः विचार करा. मला वाटतं, आई असेल तर ती मुलीला समजावून गप्प करील आणि नाटक पहिल्याच अंकात संपेल. आया तेच करतात.

१८ जानेवारी १९९८, रविवार

तळेगाव श्यामजी पंतचे मधुकरराव दुकानात कापड घ्यायला आले होते. बोलता बोलता बाबांनी त्यांना घरी बोलावलं. आज ते पुतण्याला, नीलेशला, घेऊन आले. टिपणाचा विषय त्यांनी काढला नाही आणि बाबांनीही काढला नाही.

बाबांनी आम्हाला पाच मिनिटं मागच्या अंगणात बोलू दिलं. आई दाराशी तांदूळ निवडत बसली. नीलेश गावात शेती बघतो आणि कृषिकेंद्र चालवतो. त्याने पंख्याकडे पाहिलं नाही, अंगणात पंखाच नाही. त्याने विचारलं, "तुमच्या पुस्तकात का असते?" मी त्याला म्हाताऱ्या जमीनदाराची गोष्ट सांगितली. लोक असं विचारतात आणि ऐकत नाहीत, हा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लग्न झालं अन् पडदा पडला. मंग? येवढी हुशार पोरगी, लग्नानंतर का करते ते?"

दोन वर्षं ही नाटकं वाचते आहे, हा प्रश्न मला पडला नव्हता. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर सांगते. तो म्हणाला, "परीक्षा झाल्यावरच करू. मले घाई नाई." आणि मग कानापर्यंत लाल झाला, कारण करू म्हणजे काय करू हे दोघांनाही कळलं होतं.

मला तो आवडला. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे म्हणणार?

२८ जानेवारी

तळेगावहून पत्र आलं. मुलगा आणि घर दोन्ही तयार होते, पण नीलेशच्या आजीने टिपण मागवून घेतलं आणि ते पाहून अंथरूण धरलं. मंगळाची सून घरात नको. मधुकररावांनी माफी मागून लिहिलं आहे.

पुस्तक उघडलं की अक्षरं पोहतात. आज प्रथमच वाटलं, परीक्षा नको आणि काही नको.

३० जानेवारी

दोन दिवस जेवण गेलं नाही. आज आई जवळ येऊन बसली. म्हणाली, "रक्षा, खरं सांग. तो तळेगावचा पोरगा तुले आवडला होता का?"

मी रागाने म्हटलं, "हो, आवडला होता. त्याचा काय उपयोग आता?"

तिने पुन्हा बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "मले पयले सांगतलं असतं तं." सांगून काय केलं असतं आईने? मंगळ हलवला असता?

१ फेब्रुवारी

आज घरात जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

बाबा जेवून उठत होते. आई म्हणाली, "आयकता का, रक्षाची वेळ मी चुकीची सांगतली. सातचा नव्हता तो भोंगा, साडेसहाचा होता."

बाबांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "तेवीस वर्षं झाले अन् तुले आज आठोते? चार स्थळं गेले, चार. चार महिन्यांपासून मी लोकायसमोर मान खाली घालून राह्यलो. अक्कल हाये का तुले?"

आई खाली मान घालून म्हणाली, "चुकलंच माह्यं."

एवढंच. बाजू नाही, कारण नाही. आणि मी? मीही तेच केलं. मी म्हटलं, "आई, तू अडाणी ती अडाणीच राहिलीस. तुझ्या विसरण्यापायी मी स्वतःला अपशकुनी समजत होते." तिने माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ताटं उचलून मोरीवर गेली.

बोलले ते फार बोलले, हे कळतं आहे. पण चुकीचं बोलले असं वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

जोशीमहाराजांनी नवं टिपण केलं. सिंह लग्न, मंगळ निरुपद्रवी. बाबांनी ते तळेगावला नेलं तर मधुकरराव बाबांना म्हणाले, "मोतीलालजी, राग नका मानू. नकार देल्यावर घड्याळ मागं जाते, हे घरी कसं सांगू? त्या वेळी तिथं असलेलं कोणी हाये का?"

धुरपता आहे. ती आता हिंगणीला मुलाकडे, नत्थूकडे राहते. नत्थू भाजी पिकवतो आणि इकडच्या बाजारात आणून विकतो. आज बाबा, मधुकरराव आणि नीलेश तिघे हिंगणीला जाऊन आले. आल्यावर बाबांनी सगळं साभिनय सांगितलं. म्हातारी नवं हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. विचारल्याबरोबर म्हणाली, "पयलाच भोंगा. मी नाळ कापली अन् म्हन्लं, चाला, माह्यं काम झालं, आता गिरणीचं सुरू." मधुकररावांनी तिथल्या तिथे बाबांना मिठी मारली.

"लुगड्याचा काठ अगदी आपल्या दुकानातल्यासारखा," बाबा म्हणाले. "माल सगळीकडं एकच येते आता."

मी विचारलं, तिला दुसरं काही आठवत होतं का? बाबा म्हणाले, अडाणी बाई, पण ध्यान पक्कं, तुझ्या आईसारखं नाही. आई तिथेच होती. ती म्हणाली, "म्हाताऱ्या लोकायच्या ध्यानात राह्यते." गेल्या बाजाराच्या दिवशी देवीला वाहायला म्हणून तिने दुकानातून लुगडं नेलं होतं. बाबा आज इतके खूश होते की त्यावरून बोलायचंही विसरले.

८ मार्च

ठरलं. लग्न मे महिन्यात, पेपर झाल्यावर. नीलेशने तशी अट घातली म्हणे. बाबा अजून दोन दिवसांआड आईला भोंग्यावरून बोलतात, पाहुण्यांसमोरसुद्धा. ती हसते. मी तिच्याशी नीट बोलत नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

२१ एप्रिल

नाटकांचा पेपर झाला. प्रेम, लग्न आणि स्त्रियांचं स्थान, यावरच प्रश्न होता. पानं भरभरून लिहिलं. त्या पोरींची हुशारी लग्न लागेपर्यंतच चालते आणि शेवटच्या प्रवेशात त्या गप्प होतात, हे लिहिलं. नायिकांना आई का नसते, हा माझा मुद्दाही मांडला. आई असती तर तिने मुलीला मुकाट्याने मान खाली घालायला शिकवलं असतं आणि नाटक घडलंच नसतं, असं लिहिलं. दोन पुरवण्या लावल्या. सर खूश होतील.

४ मे, सोमवार

लग्नाला बारा दिवस राहिले. आज पुन्हा उशिरा उठले. बाहेर सगळं शांत होतं. आईने लोखंडी पेटीतून माझे कागद काढून ठेवायला सांगितलं, सासरी न्यायचे ते वेगळे. माझं हॉल तिकीट तिने तिथेच जपून ठेवलं होतं, तिच्या स्वतःच्या कागदांत. त्याखाली जुनं, मंगळाचं टिपण होतं. चार महिने मी त्यातले ग्रह पुन्हा पुन्हा पाहिले होते. मंगळ कुठे, चंद्र कुठे, सगळं पाठ. आज नजर पहिल्या ओळीवर गेली. जन्म दिनांक ९ सप्टेंबर १९७४, सोमवार.

सोमवार.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. गिरणीची चिमणी दिसत होती आणि आवाज नव्हता.

आई मागच्या अंगणात लग्नाचे गहू पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, पूर्वी गिरणीला सुट्टी कोणत्या दिवशी असायची?"

"सोमवारी. तवाबी सोमवारीच." तिचा सूप धरलेला हात थांबला नाही.

"मग मी झाले तेव्हा कोणताच भोंगा झाला नव्हता."

"नाई."

"मग मी किती वाजता झाले?"

"मले का मालूम? मी तं शुद्धीवर नव्हती. दिवस निघाला होता येवढं धुरपता म्हणे. त्या जुन्या घरात कुठचं घड्याळ."

जोशीमहाराजांनी तीन दिवस बसून मांडलेले ग्रह माझ्या मांडीवर होते. मीराबाईंकडचे दोन तास, करपलेली पोळी, शिरा, हिरवं लुगडं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. हे सगळं माझ्याच हाताने या वहीत लिहिलेलं आहे आणि मला दिसलं नव्हतं. एम.ए. करणारी मी, आणि अडाणी म्हटलं कोणाला.

मी रडायला लागले. म्हटलं, "तू हे आधी का केलंस ते कळलं. पण नंतर सगळं स्वतःच्या अंगावर का घेतलंस? बाबा किती बोलले. मी किती बोलले."

"तुले तो पायजे होता ना. मंग वेळ वापस फिरवा लागली." तिने एक खडा उचलून टाकला. "अन् मी येडी हाये हे तुह्या बाबाले पंचवीस वर्षांपासून मालूम हाये. माह्यं नवीन का गेलं?"

"आणि मी बोलले ते?"

यावर तिचा सूप धरलेला हात थांबला. "ते लागलं," ती म्हणाली. "ते लई लागलं."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिने सूप बाजूला ठेवलं नाही, पण एका हाताने माझ्या केसांवर उडालेला गव्हाचा कोंडा झटकत राहिली.

नीलेशने अंगणात विचारलं होतं, एवढी हुशार पोरगी लग्नानंतर काय करते. त्या दिवशी ती चार हातांवर तांदूळ निवडत बसली होती आणि दोघांनाही दिसली नाही.

गहू पाखडून झाल्यावर आईने विचारलं, "त्या नाटकायचा पेपर कसा गेला? तू सांगतलंच नाई."

"चांगला गेला. एक उत्तर चुकलं."

"चालते," आई म्हणाली. "एखांदं चुकलेलं कामी येते."